अनोळखी थाई पदार्थाची परीक्षा

गल्लीतल्या थाई हॉटेलात अधूनमधून जाणाऱ्या माणसाला विचारा, आजवर काय काय खाल्ले? बहुधा तीनच नावे ऐकू येतील: ग्रीन करी, पाड थाई आणि टॉम यम सूप. मेन्यूकार्डावर पन्नाससाठ पदार्थ असतात, पण बोट याच तीन ओळींवर येऊन थांबते. एखादा धीर करून चौथे काहीतरी मागवतो, दोन चमचे खातो, ‘वेगळं आहे’ असा सभ्य नकार देतो आणि ताटली टेबलाच्या मधोमध सरकवतो.

या नकाराचे कारण सहसा चवीत शोधले जाते. वास उग्र आहे, आंबट फार आहे, तिखट सोसत नाही. माझ्या मते दोष बहुतेक वेळा चवीचा नसून परीक्षेच्या पद्धतीचा असतो. थाई जेवणातले बरेच पदार्थ एकटे खाण्यासाठी केलेलेच नसतात. भात आणि सोबतचे दोनतीन पदार्थ धरून त्यांची चव पुरी होते. आपण ती सोबत काढून टाकतो आणि उरलेल्या अर्ध्या चवीवर निकाल देतो. ज्या थोड्या पदार्थांना सोबत लागत नाही, नेमके तेच जगभर पसरले. ते कसे घडले हे कळले, की मेन्यूकार्ड वेगळ्या नजरेने वाचता येते.

मेन्यूकार्ड कसे घडते

थायलंडबाहेरच्या थाई हॉटेलांचा इतिहास पाहायचा तर लॉस एंजेलिस हे सोयीचे शहर आहे. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा 1965 साली बदलला आणि पुढच्या दशकात थाई विद्यार्थी, परिचारिका, कामगार या शहरात आले. 1971 साली तिथे ‘बँकॉक मार्केट’ हे थाई किराण्याचे दुकान निघाले. त्याआधी स्वयंपाक्यांना कोळिंजनाऐवजी आल्यावर आणि लिंबाच्या पानांऐवजी लिंबाच्या सालीवर भागवावे लागे. ज्या खडबडीत सालीच्या लिंबाची जोडपाने थाई रश्शात पडतात, त्या पानांच्या आयातीवर तर लिंबूवर्गीय झाडांच्या रोगांच्या धास्तीने अमेरिकेत निर्बंध होते. थोडक्यात, परदेशातली ‘थाई चव’ पहिल्यापासून जे मिळते त्यावर आणि जे खपते त्यावर बेतलेली आहे.

खपते काय? एका माणसाने एका ताटलीत संपवावे असे. पाड थाईचे उदाहरण बोलके आहे. सयामचे ‘थायलंड’ असे नामांतर 1939 साली झाले. पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांच्या राष्ट्रवादी राजवटीचा हा काळ. तव्यावर परतलेल्या नूडल्सचे तंत्र चिनी, पण चिंचेचा कोळ, ताडामाडाचा गूळ आणि सुकी कोळंबी घालून तो पदार्थ ‘थाई’ म्हणून पुढे आणला गेला आणि सरकारी प्रोत्साहनाने देशभर पसरला. त्याला ना भात लागतो, ना शेजार. असा पदार्थ बोस्टनमध्ये असो की बाणेरमध्ये, कुठेही जशाच्या तसा उभा राहतो. 2002 च्या सुमारास थायलंड सरकारने जगभर थाई हॉटेले वाढवण्याची मोहीमच हाती घेतली. तिच्यामुळे हॉटेले वाढली, पण सोबत ठरावीक पदार्थांची ठरावीक यादीही पक्की झाली.

एका ताटलीच्या या पदार्थांतही पुरेपणा पूर्ण नसतो, हे जाता जाता सांगायला हवे. बँकॉकमधल्या नूडल्सच्या दुकानात प्रत्येक टेबलावर चार भांडी असतात: साखर, मिरचीची पूड, फिश सॉस आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरच्या. वाडगा समोर आला की गिऱ्हाईक आधी चाखते आणि मग आपल्या जिभेप्रमाणे त्यात भर घालते. स्वयंपाकी शेवटचा हात खाणाऱ्यावर सोपवतो. आपल्याकडच्या थाई हॉटेलांत ही चार भांडी क्वचितच दिसतात, आणि दिसली तरी लोक त्यांना शोभेची समजतात.

मेन्यूकार्डाच्या मागच्या बाजूला काय दडलेले असते याचेही उदाहरण लॉस एंजेलिसमध्येच सापडते. ‘जित्लाडा’ या तिथल्या हॉटेलात दक्षिण थायलंडच्या पदार्थांची लांबलचक यादी होती, पण ती थाई लिपीत. 2007 च्या आसपास तिचे इंग्रजी झाले, खाद्यसमीक्षक जोनाथन गोल्ड यांनी तिच्याबद्दल लिहिले आणि बाहेरची गिऱ्हाइके ओल्या हळदीचे, झणझणीत, नारळाच्या दुधाचा आधार नसलेले रस्से मागवू लागली. स्वयंपाकघर तेच, स्वयंपाकी तेच. पदार्थ आधीपासून शिजत होते, फक्त ते आपल्यासाठी नाहीत असे मालकाने आणि गिऱ्हाइकाने दोघांनी मिळून गृहीत धरले होते.

सामान ओळखीचे, जागा अनोळखी

मराठी माणसाने थाई स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर नजर टाकली तर त्याला परके असे फार थोडे दिसेल. गवती चहा आपल्या चहात असतो. कोळिंजन गवयांच्या खिशात असते, घसा साफ ठेवायला. चिंच, गूळ, ओला नारळ, शेंगदाणे, लसूण, हळद, कोथिंबीर, सुकी कोळंबी यांतले काहीच कोकणातल्या घराला नवे नाही. मिरची दोन्हीकडे मूळची अमेरिकेची आणि दोन्हीकडे पोर्तुगीज व्यापाराच्या काळात आलेली. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला, 1511 साली मलाक्का घेतला आणि त्याच वर्षी त्यांचा दूत सयामच्या अयुथ्थया दरबारी पोचला.

मग परकेपणा येतो कुठून? जागेच्या बदलातून. आपण कोथिंबिरीची मुळे कापून टाकतो. थाई स्वयंपाकी तीच मुळे लसूण आणि पांढऱ्या मिऱ्यांबरोबर कुटतो आणि निम्म्या स्वयंपाकाचा पाया त्यावर रचतो. आपण गवती चहा उकळून गाळतो. तिकडे त्याचा कोवळा भाग बारीक चिरून कच्चा खातात आणि जून दांडा रश्शात तसाच सोडतात. त्या दांड्याचे, कोळिंजनाच्या चकत्यांचे आणि लिंबाच्या पानांचे काम वास देण्यापुरते, ते बाजूला काढायचे असतात. टॉम यम चावत बसून ‘यात लाकूड का घातलंय’ असे विचारणारे मी ऐकले आहेत.

सगळ्यात मोठा धक्का तुळशीचा. ‘पाड क्रपाव’ नावाचा पदार्थ म्हणजे भरपूर लसूण आणि मिरचीवर मोठ्या आचेवर परतलेला कोंबडीचा किंवा डुकराचा खिमा, त्यात शेवटी मूठभर तुळशीची पाने, खाली भात आणि वर काठाला कुरकुरीत झालेले तळलेले अंडे. यातली तुळस म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या वृंदावनातलीच जात. तिची चव आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, तीर्थाच्या पळीबरोबर ती जिभेवर आलेली आहे. म्हणजे इथे जीभ बिचकत नाही, बिचकते ते मन. ते बिचकणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ज्या घरात कार्तिकात तुळशीचे लग्न लागते त्या घरातल्या माणसाला डुकराच्या खिम्यातली तुळस नको वाटली तर त्यात न समजण्यासारखे काही नाही. पण ‘चव आवडली नाही’ आणि ‘कल्पना आवडली नाही’ हे दोन निकाल वेगळे ठेवावेत एवढेच. आणखी एक गोष्ट, थायलंडबाहेर बरीच हॉटेले या पदार्थात तुळशीऐवजी गोड वासाची थाई बेझिल वापरतात. लवंगेकडे झुकणारा वास आला तर तुळस, बडीशेपेकडे झुकणारा आला तर बेझिल. मूळ पदार्थ समोर आला आहे की नाही हे नाकाने ठरवता येते.

दुसरा अडसर फिश सॉसचा, म्हणजे ‘नाम प्ला’चा. लहान समुद्री मासळी आणि मीठ वर्षभर किंवा त्याहून अधिक मुरवून निथळलेले हे पाणी. 1908 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट वेगळे करून ज्या पाचव्या चवीकडे बोट दाखवले, ती इथे ठासून भरलेली असते. बाटलीचे बूच उघडून वास घेतला तर पुन्हा हात लावावासा वाटणार नाही. पण लिंबू, गूळ आणि मिरची यांच्या संगतीत तो वास मागे हटतो आणि चवीला खोली उरते. ईशान्येकडच्या इसान प्रांतातली ‘प्ला रा’ ही गोड्या पाण्यातली आंबवलेली मासळी मात्र मागे हटत नाही. ती पुढे येऊनच बोलते. कोळंबीपासून केलेली ‘कापी’ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. जवळ्याची चटणी खाऊन वाढलेल्या माणसाला तिच्याशी जमवून घ्यायला वेळ लागू नये. घाटावरच्या शाकाहारी घरातून आलेल्याला लागेल, आणि तो लागणे रास्त आहे.

ताटाची रचना

थाई घरातले जेवण एकामागून एक येत नाही. भात मध्ये, भोवती एक रस्सा, एक परतलेले, एक आंबट-तिखट, आणि बहुतेक ठिकाणी एखादे ‘नाम प्रिक’. सगळे एकदम मांडले जाते आणि सगळ्यांचे असते. प्रत्येकाच्या ताटलीत भाताबरोबर काटा-चमचा येतो, चमचा उजव्या हातात आणि काटा फक्त ढकलायला. चमचाभर भातावर एका वेळी एकाच पदार्थाचा थोडा भाग घ्यायचा, मग पुढच्या घासाला दुसरा.

हे मराठी वाचकाला सांगायला फार शब्द लागू नयेत. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-आमटी असते. कोणी परदेशी पाहुण्याला फक्त ठेच्याची वाटी दिली, ती चमच्याने खायला लावली आणि मग मराठी जेवणाबद्दल मत विचारले, तर ते मत काय कामाचे? थाई हॉटेलात आपण रोज नेमके हेच करून घेतो.

‘नाम प्रिक’चे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे. मिरची, लसूण, कापी, लिंबू खलबत्त्यात कुटून केलेला हा ओलसर, जळजळीत गोळा, सोबत कच्च्या आणि उकडलेल्या भाज्या, कधी तळलेला मासा. प्रांतोप्रांती त्याची रूपे बदलतात. चियांग माईकडचे एक भाजलेल्या हिरव्या मिरचीचे, एक टोमॅटो आणि खिम्याचे. थाई घरगुती जेवणात त्याचे स्थान मानाचे आहे, आणि परदेशी मेन्यूकार्डावर ते जवळजवळ गायब आहे. कारण उघड आहे. दोन चमचे तिखट गोळ्याची किंमत मुख्य पदार्थाएवढी कशी लावणार, आणि ते एकटे मागवणाऱ्याला काय खायला घालणार? ज्याच्याभोवती जेवण उभे राहते तोच पदार्थ विकायला अवघड, हा हॉटेल-धंद्याचा स्वभावच आहे.

टॉम यमची गोष्ट उलटी. तो मेन्यूकार्डावर आहे, पण चुकीच्या जागी. मुंबई-पुण्यात तो सूप म्हणून येतो, प्रत्येकाला वेगळ्या वाडग्यात, जेवणाआधी. म्हणजे लिंबू, मिरची आणि फिश सॉसचे कडक पाणी रिकाम्या तोंडावर आदळते. थाई जेवणात ते भाताबरोबर, मधूनमधून, चमच्याचमच्याने घेतले जाते. नारळी रश्शाचा जडपणा कापायला ते असते. ‘टॉम खा’ हा त्याचा नारळाच्या दुधातला भाऊ रिकाम्या तोंडावर निभावतो, आणि सूप म्हणून तोच अधिक आवडतो याचे मला नवल वाटत नाही.

सोम तम, म्हणजे कच्च्या पपईचा कुटलेला पदार्थ, स्टार्टरच्या रकान्यात टाकला जातो. त्याचे खरे घर इसान आणि पलीकडचा लाओस. तिथे तो चिकट भाताबरोबर आणि भाजलेल्या कोंबडीबरोबर खातात. या तांदळात अमायलोज जवळजवळ नसते, म्हणून तो भिजवून वाफवतात आणि शिजल्यावर त्याचे दाणे एकमेकांना धरून राहतात. हाताने गोळी करायची, सोम तमच्या आंबट-तिखट पाण्यात टेकवायची, तोंडात टाकायची. इथे काटा-चमचा नाही, हात आहे. मराठी माणसाला सहज जमेल असे थाई जेवण कोणते, तर हे. आणि नेमके हेच तो काट्याने पपईचे तुकडे टोचत, भाताशिवाय खातो. ‘लाब’चेही तसेच. भाजून कुटलेल्या तांदळाची पूड, लिंबू, पुदिना आणि फिश सॉस घातलेला हा खिमा चिकट भाताशिवाय कोरडा आणि उद्धट वाटतो.

जीभ काय करते

मिरचीबद्दल एक गैरसमज मराठी अभिमानातून येतो. कोल्हापुरी रस्सा पिणाऱ्याला थाई तिखटाचे काय? पण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. आपल्याकडचे तिखट बहुतेक वेळा तर्रीत असते, शिजलेले, मसाल्यात मिसळलेले. सोम तममधली बारकी मिरची कच्ची, नुकती ठेचलेली असते आणि तिथे तेलाचा थेंब नसतो. जिभेवरच्या ज्या ग्राहक-प्रथिनाला ती चेतवते ते 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने शोधले आणि त्या कामासाठी ज्युलियस यांना 2021 चे नोबेल विभागून मिळाले. हे प्रथिन खऱ्या उष्णतेलाही तसाच प्रतिसाद देते, म्हणून तिखट ‘भाजते’. पाणी पिऊन उपयोग नाही. भात, नारळाचे दूध, शेंगदाणे हेच कामाचे. सोबतीचा मुद्दा इथे रसायनशास्त्रानेही खरा ठरतो. थायलंडमध्ये सोम तम करणाऱ्या बाईला गिऱ्हाईक मिरच्या किती घालायच्या तो आकडाच सांगते. ‘मीडियम स्पायसी’पेक्षा हे किती तरी बरे.

नवे अन्न नाकारणे हा भित्रेपणा नाही. सर्व काही खाऊ शकणाऱ्या प्राण्याला नव्या अन्नाची ओढही हवी आणि धास्तीही हवी, ही ओढाताण मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी 1970 च्या दशकात मांडली. लीअॅन बर्च यांच्या गटाने 1980 च्या दशकात लहान मुलांवर केलेले प्रयोग इथे उपयोगी आहेत. नवा पदार्थ जितक्या वेळा दिला तितका तो आवडीच्या यादीत वर सरकत गेला. आणि नुसता डोळ्यांनी पाहून तो चवीला आवडू लागला नाही, त्यासाठी खावाच लागला. मुलांचे निष्कर्ष मोठ्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण आंबवलेल्या पदार्थाबाबत पहिल्या घासावर निकाल देऊ नये एवढा बोध घ्यायला हरकत नसावी.

यातून मागवण्याची एक रीत निघते. चौघे असाल तर चार पदार्थ, त्यांतला अनोळखी एकच. बाकीचे तीन त्याला सांभाळणारे हवेत. अनोळखी पदार्थ दक्षिणेकडचा आंबट रस्सा, ‘गेंग सोम’, असेल तर शेजारी कमी तिखट परतलेली भाजी, एक ऑम्लेट आणि एखादे भाजलेले मांस. अनोळखी सोम तम असेल तर चिकट भात हवाच, तो नसेल तर त्या दिवशी सोम तम नको. वेटरला सांगायचे की सगळे एकदम आणा, स्टार्टर आधी नको. त्याला विचित्र वाटेल, पण स्वयंपाकघराला वाटणार नाही. पहिला घास भाताबरोबर. मांसाच्या प्रकारावरून पदार्थ निवडू नये, कारण चिकन की प्रॉन्स हा थाई मेन्यूतला सर्वांत बिनमहत्त्वाचा प्रश्न आहे. कुटलेले, कालवलेले, उकळलेले, परतलेले की रश्शातले, हा खरा प्रश्न. नारळाचे दूध म्हणजेच थाई, हाही समज सोडावा. उत्तरेचा ‘गेंग हांग ले’ हा ब्रह्मदेशाकडून आलेला डुकराचा रस्सा आले आणि चिंचेवर उभा आहे, त्यात नारळ नाही.

नकाराच्या जागा

काही नकार मात्र परीक्षेची पद्धत सुधारूनही कायम राहावेत. इसानमध्ये गोड्या पाण्यातली कच्ची मासळी लिंबू-मिरचीत कालवून खाण्याची जुनी सवय आहे. लिंबाने मासळी ‘शिजते’ असे वाटते, पण तिच्यातून माणसाच्या यकृतात जाणारा परजीवी कृमी त्याने मरत नाही. हा कृमी पित्तनलिकांच्या कर्करोगाचे कारण आहे आणि ईशान्य थायलंडमध्ये त्या कर्करोगाचे प्रमाण जगात अतिशय चढे आहे. कच्च्या डुकराचा लाबही टाळावा. शहरी हॉटेलांत हे सहसा मिळत नाही, पण ‘अस्सल खायचंय’ म्हणून हट्ट धरणारे भेटतात. अस्सलपणा हा काही आरोग्याचा दाखला नव्हे. शेंगदाणे किंवा कोळंबीची अॅलर्जी असणाऱ्याने तर प्रत्येक पदार्थाबद्दल विचारावे. सुकी कोळंबी दिसत नाही तिथेही असते.

शाकाहाऱ्याचा प्रश्न वेगळा. चिकनच्या जागी टोफू घातला की पदार्थ शाकाहारी झाला, ही समजूत हॉटेलवालेही पसरवतात. करीच्या वाटणात कापी असते, परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस असतो, सोम तममध्ये फिश सॉस. परदेशातल्या थाई हॉटेलात ‘व्हेजिटेरियन’ म्हणण्यापेक्षा ‘जे’ आहे का असे विचारावे. थायलंडमधल्या चिनी वंशाच्या लोकांच्या व्रताचे हे जेवण आहे. मांस, मासे, अंडी, दूध वर्ज्य, आणि कांदा-लसूणही वर्ज्य, पण कंदमुळे चालतात, त्यामुळे मुंबईत ‘जैन’ मागणाऱ्याचे तेवढ्याने काम होत नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या पहिल्या नऊ दिवसांत, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राच्या सुमारासच, फुकेत आणि बँकॉकच्या रस्त्यांवर पिवळ्या पताकांवर लाल अक्षरांत ही पाटी लागते आणि गाड्यागाड्यांवर असे जेवण मिळते.

ज्याला कांदा-लसूण चालतो पण मासळी नको, त्याच्यासाठी उत्तर थायलंडात अधिक चांगली वाट आहे. समुद्रापासून दूर असलेल्या त्या डोंगराळ भागात कापीऐवजी सोयाबीन आंबवून, त्याच्या चकत्या वाळवून ठेवतात. त्या भाजून, मिरची-लसणाबरोबर कुटल्या की मासळीशिवायचे नाम प्रिक तयार होते. मेन्यूकार्डावर ते सापडणार नाही. हॉटेलातला स्वयंपाकी उत्तरेकडचा असेल तर त्याला विचारून पाहावे, आणि सोबत चिकट भात व उकडलेल्या भाज्या मागाव्यात.